रानवेलीचे ऋण

झाडाची पारख फळावरून करावी, असा जगाचा रिवाज आहे. आंबा गोड निघाला की आंब्याची वाखाणणी होते. त्याचे मूळ कोणत्या मातीत कशाशी झुंजत आहे, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या द्राक्षबागाइतदारांना मात्र दैवाने मुळांकडे पाहावयास भाग पाडले.

द्राक्षवेल बियांपासून क्वचितच लावतात. बी रुजते, वेलही वाढते. परंतु प्रत्येक बी आईबापांच्या गुणांची नवी सरमिसळ घेऊन जन्मास येते, त्यामुळे तिच्या फळात मूळ जातीची चव उतरेलच असा भरवसा नसतो. म्हणून माणसाने प्राचीन काळीच काडीची युक्ती शोधून काढली. आवडत्या वेलीची काडी छाटून जमिनीत लावली की तिला मुळे फुटतात आणि तीच वेल पुन्हा उभी राहते. फ्रान्समधील कित्येक नामांकित जाती अशाच शेकडो वर्षे चालत आल्या होत्या. वेलीला जणू चिरतारुण्यच लाभले होते. तथापि गुणांबरोबर तिचे दुबळेपणही पिढ्यान्‌पिढ्या जसेच्या तसे उतरत होते.

१८६३ च्या सुमारास ऱ्होन नदीच्या खालच्या खोऱ्यात वेली अकारण सुकू लागल्या. आधी पाने पिवळी पडत, मग घड रोडावत, आणि दोनतीन वर्षांत वेल मरून जाई. कापडावर तेलाचा डाग पसरावा, तसा हा रोग एका बागेतून दुसरीत पसरे. जुलै १८६८ मध्ये मोंपेल्ये येथील वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशाँ दोन सहकाऱ्यांसह पाहणीसाठी आले. मेलेल्या वेली उपटून पाहिल्या, तर मुळे काळी पडून कुजलेली. त्यांवर काहीच आढळेना. मग त्यांनी शेजारची हिरवीगार वेल उपटली. भिंगातून पाहताच मुळांवर बारीक पिवळ्या किड्यांची दाटी दिसली. मूळ निर्जीव झाले की कीड तेथून निघून जाई. वेल वाळलेली दिसेतो चोर शेजारच्या घरात शिरलेला असे. या किडीला पुढे फिलॉक्सेरा या नावाने जग ओळखू लागले.

ही कीड मूळची अमेरिकेची. मिसूरी राज्याचे कीटकशास्त्रज्ञ रायली यांनी तेथील रानवेलींच्या पानांवर गाठी करणारी कीड आणि फ्रान्समधील मुळांवरची कीड एकच असल्याचे दाखवून दिले. वाफेच्या जहाजांनी समुद्रप्रवास थोडक्या दिवसांचा केला होता. हौसेने आणलेल्या अमेरिकन रोपांबरोबर ती जिवंत युरोपात उतरली. अमेरिकन रानवेलींनी युगानुयुगे तिच्याशी झुंज दिली होती. कीड डसली की त्यांचे मूळ जखमेखाली बुचासारखा थर धरून ती जखम बंद करी. युरोपच्या वेलीची या शत्रूशी कधी गाठच पडली नव्हती. तिच्या मुळांवर गाठी येत, गाठी फुटत आणि मूळ कुजून जाई.

उपायांची शिकस्त झाली. कोणी जमिनीत कार्बन डायसल्फाइड टोचले, कोणी हिवाळ्यात बागा पाण्याखाली बुडवून ठेवल्या. सरकारने १८७४ मध्ये ३ लाख फ्रँकांचे बक्षीस लावले. ते अखेरपर्यंत कोणालाच मिळाले नाही. १८७५ च्या मानाने १८८९ मध्ये देशातील द्राक्षमद्याचे उत्पादन तिसऱ्या हिश्शाहूनही खाली आले. कित्येक कुटुंबांनी गाव सोडून अल्जीरियाची वाट धरली.

अखेर एक विचार पुढे आला : अमेरिकन वेलीचा खुंट घ्यावा आणि त्यावर फ्रेंच वेलीचे कलम बांधावे. जेथून रोग आला तेथूनच औषध आणावयाचे! अनेकांच्या अभिमानाला हे झोंबले. अमेरिकन द्राक्षांची उग्र चव त्यांना ठाऊक होती. ती मुळांतून आपल्या फळांत चढली तर वाडवडिलांनी जपलेले सारे बुडाले, अशी त्यांना धास्ती वाटे. रसायनाचे कैवारी आणि अमेरिकन वेलीचे कैवारी असे दोन तट पडले. परंतु कलमाचा धर्म निराळा आहे. सालीखालचे जिवंत थर एकमेकांशी जुळतात, खुंट पाणी व क्षार वर पोचवितो. तरी प्रत्येक भाग आपला आनुवंशिक वारसा स्वतःपाशीच राखतो. फळ वरच्या काडीच्या जातीचेच येते.

तरीही कोन्याक भागातील चुनखडीच्या जमिनीत अमेरिकन खुंट पिवळे पडून खुरटू लागले. तेव्हा १८८७ मध्ये फ्रान्सने व्हियाला या शास्त्रज्ञांना अमेरिकेस धाडले. टेक्ससमधील डेनिसन गावी मन्सन नावाचे गृहस्थ रानोमाळ हिंडून रानवेलींचा अभ्यास करीत असत. चुनखडीच्या टेकड्यांवर वाढणाऱ्या वेलीकडे त्यांनी बोट दाखविले. तिच्या काड्यांना मुळे सहजी फुटत नसत, म्हणून इतर वेलींशी तिचा संकर करून नवे खुंट तयार झाले. १८८८ मध्ये फ्रान्सने मन्सन यांचा सन्मान केला.

पुढे ज्यांना या धड्याचा विसर पडला, त्यांना तो पुन्हा गिरवावा लागला. कॅलिफोर्नियात भरघोस पिकाच्या लोभाने एक संकरित खुंट सर्रास लावला गेला. त्याच्या आईबापांपैकी एक युरोपची वेल होती; १९८० नंतरच्या दशकात त्या बागांत तीच कीड माजली. द्राक्षवेलीच्या पेशीत गुणसूत्रांच्या १९ जोड्या असतात. २००७ मध्ये त्यांवरील आनुवंशिक लिपी प्रथम वाचून प्रसिद्ध झाली. मुळाचे बळ त्या लिपीत कोठे लिहिले आहे, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत.

नाशिक-सांगलीकडील बागाइतदार पाण्याच्या टंचाईला आणि खारवट जमिनीला तोंड देण्यासाठी डॉगरीज नावाचा खुंट लावतात. तीही मन्सन यांनीच निवडलेली टेक्ससची रानवेल. तिच्यावर पाचर कलम बांधले जाते आणि बाजारात नाव होते ते वरच्या गोड घडांचे. खाली मातीत मात्र ती निनावी रानवेल ओझे पेलीत उभी असते. फळाची वाखाणणी जरूर करावी; पण मुळाची विचारपूस करण्यासाठी झाड सुकण्याची वाट पाहू नये.