ग्राहकाची साक्ष

मराठीत ‘ग्राहक’ हा शब्द दोन दारांनी आत येतो. बाजाराच्या दाराने आला की तो पैसे मोजून वस्तू घेणारा असतो. साहित्यविचाराच्या दाराने आला की ‘गुणग्राहक’ किंवा ‘रसग्राहक’ होतो आणि त्याच्याकडून सहृदयतेची अपेक्षा केली जाते. दोन्ही शब्द एकाच धातूपासून आलेले असूनही समीक्षेने या दोघांची गाठ क्वचितच घालून दिली. मिक्सर, खानावळ, विमानप्रवास यांविषयी सामान्य माणूस जे चार-सहा ओळींचे अभिप्राय लिहितो, ते वाचून रोज खरेदी ठरते, बेत बदलतात, तिकिटे काढली जातात. तरीही मूल्यमापनाचा एक लेखनप्रकार म्हणून त्यांकडे पाहावे, असे कोणास वाटलेले दिसत नाही.

पुण्यात राहणारे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ गेली काही वर्षे हे लेखन नेमाने करीत आले आहेत. नोकरीत त्यांचा संबंध मोजमाप पुस्तिकेशी आला. जे प्रत्यक्ष मोजले तेवढेच लिहावयाचे, खाडाखोड झाली तर तिथेच सही करावयाची, ही त्या पुस्तिकेची शिस्त. तीच त्यांच्या अभिप्रायांत उतरली. साडेसातशे वॅटच्या एका मिक्सरविषयी त्यांनी सहा महिन्यांच्या वापरानंतर लिहिले : ओल्या खोबऱ्याचे वाटण लहान भांड्यात किती वेळात होते, झाकणाचे रबर केव्हा सैल पडले, भार वाढला की यंत्र आपोआप बंद पडते तेव्हा तळाचे लाल बटण कसे दाबावे. विशेषण एकही नाही. हा मजकूर त्यांनी पत्नीस वाचून दाखविला तेव्हा तिने विचारले, “मोठं भांडं उचलताना मनगट भरून येतं, ते लिहिलंत का?”

ते लिहिलेले नव्हते. सहा महिने मिक्सर वापरला होता तिने. ‘मी’ म्हणून लिहिले होते यांनी. अनुभव घेणारा आणि निवेदन करणारा यांतील जे अंतर कथात्म साहित्याच्या चर्चेत आपण तपासून पाहतो, ते येथे एका स्वयंपाकघरात उघडे पडले. त्यांनी मनगटाचे वाक्य घातले; ‘मी’ मात्र तसाच राहिला.

या लेखनाचा उगम पाहू गेल्यास तो तक्रारीत सापडतो. इ.स.पू. सुमारे १७५० मधील, ऊर येथे सापडलेली अक्कादी भाषेतील एक मृत्तिका-पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नान्नी नावाच्या गिऱ्हाइकाने एआ-नासिर या व्यापाऱ्यास ती पाठविली. तांबे ठरल्या प्रतीचे मिळाले नाही, ही तिच्यातील तक्रार. परंतु पाटीचा जोर तांब्यावर नाही. आपला निरोप्या शत्रूच्या मुलखातून गेला आणि अपमानित होऊन रिकाम्या हातांनी परतला, हे नान्नीचे खरे दुःख आहे. ग्राहकाच्या रागाच्या मुळाशी वस्तूचा दोष असतो त्याहून अधिक अवहेलना असते. शिवाय नान्नीने लिहिले ते थेट व्यापाऱ्यास.

तिऱ्हाइतासाठी लिहिले जाणारे परीक्षण पुष्कळ नंतरचे. पॅरिसमध्ये ग्रिमो द ला रेनिएर याने १८०३ ते १८१२ या काळात खवय्यांसाठी काढलेल्या वार्षिकांच्या आठ खंडांत खाद्यपदार्थ व दुकाने यांची जाहीर पारख सुरू झाली. दुकानदार आपापले पदार्थ त्याच्या परीक्षक मंडळाकडे पाठवीत आणि मंडळ त्यांवर निवाडा देई. म्हणजे परीक्षणाबरोबरच परीक्षकास मिळणाऱ्या फुकट घासाचा प्रश्नही जन्मास आला. पुढे मोटारींचे टायर बनविणाऱ्या मिशलॅं कंपनीच्या मार्गदर्शिकेत १९२६ पासून उपाहारगृहांना तारा मिळू लागला आणि १९३१ मध्ये तीन ताऱ्यांची श्रेणी आली. तेथे दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावे असे ठिकाण, आणि तीन म्हणजे केवळ त्यासाठी प्रवास करावा असे. तारा मुळात असा रस्त्यावरच्या माणसाला उद्देशून होता. त्याच्यामागे एक वाक्य उभे होते. आजच्या पाच ताऱ्यांमागचे वाक्य गळून पडले आहे. उरली आहे ती सरासरी.

वाक्य गळते तेव्हा नेमके काय गळते, हे त्या गृहस्थांच्या पुढील दोन अभिप्रायांत दिसते. मुलीकडे बंगळूरला जाताना त्यांचे विमान तीन तास उशिरा सुटले. दारावर उभी असलेली विशी-पंचविशीतील कर्मचारी प्रत्येकास एकच वाक्य ऐकवीत होती. त्यांनी तिच्या छातीवरील पट्टीवरचे नाव वाचले आणि अभिप्रायात जसेच्या तसे लिहिले. चार दिवसांनी कंपनीचे विनम्र उत्तर आले : संबंधित कर्मचाऱ्यास समज देण्यात आली आहे. ते वाचून त्यांना समाधान वाटले. समज कोणास आणि कशाबद्दल मिळाली, हा विचार त्या वेळी मनात आला नाही.

त्यानंतरचा अभिप्राय सातारा रस्त्यावरील एका खानावळीचा. पिठले बरे, भाकरी थंड, वाढणाऱ्या मुलाचे लक्ष नाही; तारा एक. महिन्याभराने त्याच वाटेने जाताना ते पुन्हा तेथे जेवावयास बसले. त्यांना ओळखणे मालकास अवघड गेले नाही. मुलाने तव्यावरची भाकरी आणून वाढली आणि पहिला घास तोंडात जाईपर्यंत तो तेथेच उभा राहिला. “काका, गरम आहे ना?” त्याने विचारले, विचारताना त्याची नजर त्यांच्याकडे नव्हती, गल्ल्याकडे होती. भाकरी गरम होती. जेवण मात्र घशाखाली उतरेना.

घरी आल्यावर त्यांनी जुना अभिप्राय काढून वाचला. मागच्या खेपेस ते दुपारी साडेतीन वाजता, चूल विझत आल्यावर तेथे पोहोचले होते. ही एकच गोष्ट त्यात नव्हती. नोंदलेले सर्व खरे होते. न नोंदलेल्या वेळेने ते खोटे ठरविले होते.

ग्राहक संरक्षणाचा १९८६ चा कायदा आणि त्याच्या जागी जुलै २०२० मध्ये अमलात आलेला २०१९ चा कायदा, दोहोंत तक्रारीस पुरावा लागतो आणि समोरच्या पक्षास म्हणणे मांडता येते. अभिप्रायात असा समोरचा पक्ष नसतो. मालक वा कंपनी उत्तर देऊ शकते. दारावरची मुलगी आणि वाढणारा मुलगा देऊ शकत नाहीत. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये अशा अभिप्रायांसाठी मानक आणले. लिहिणारी व्यक्ती खरी आहे की नाही, याची पडताळणी व्हावी अशी अपेक्षा त्यात आहे. ती योग्यच होय. परंतु साक्षीदार खरा आहे का हे तपासता येते. त्याने साक्षीतून काय गाळले, हे त्याच्यावाचून अन्य कोणास ठाऊक नसते.

संस्कृतात ‘अभिप्राय’ म्हणजे हेतू. मराठीत त्याचा अर्थ मत असाही झाला. मत आणि हेतू यांमधला हा जुना सांधा समीक्षकालाही तपासावा लागतो. ग्रंथपरीक्षण करणारा आपण पुस्तक कोणत्या घाईत, कोणत्या अपेक्षेने, कोणत्या जुन्या रागाने वाचले हे सहसा सांगत नाही. आपली दुपारची साडेतीनची वेळ तो ‘वस्तुनिष्ठ’ या शब्दाआड ठेवतो. त्याचा निवाडाही कुठेतरी कोणावर तरी पडत असतो. प्रसंग सांगितल्याने मत दुबळे होत नाही. ते किती भार पेलू शकेल, एवढेच वाचकास कळते.

गृहस्थांनी तारा बदलला नाही. भाकरी त्या दिवशी थंडच होती. त्याखाली त्यांनी तारीख घालून आपली पोहोचण्याची वेळ लिहिली. विमानप्रवासाच्या अभिप्रायातून त्या मुलीचे नाव काढले आणि नाव काढले आहे, अशी नोंदही तेथेच केली. खाडाखोडीवर सही करण्याची जुनी सवय येथे उपयोगी पडली. तिला दिली गेलेली समज मात्र त्यांना परत घेता आली नाही.