चांदीचा मृत्यु

आमच्या कोरेगांव तालुक्याच्या वाघ्या घेवड्याची कीर्ति दूरवर आहे. त्यास भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे. परंतु त्यावर मावा पडला, म्हणजे घरोघरीं पाठीवरचे पंप निघतात. आमच्याकडे पाणी भरण्याचें व सायंकाळीं पंप धुण्याचें काम असे.

आठवींत असतां एके दिवशीं अंधार पडला म्हणून आम्हीं पंप गोठ्यापाशींच विसळला, आणि तें पाणी घमेल्यांत तसेंच राहिलें. आमची शेळी चांदी तें प्याली. तोंडाला फेस, अंगाला कंप, एकसारखे जुलाब! पशुवैद्यांनीं अॅट्रोपिन टोचलें व रात्रीं ती उभी राहिली. आम्ही निर्धास्त झालों. पण पुढें तिची लघवी कमी होत गेली व सहाव्या दिवशीं ती मेली.

पशुवैद्यांनीं तिचें मूत्रपिंड कापून दाखविलें. तें फिकट व सुजलेलें होतें. ते म्हणाले, "हृदयांतून निघणाऱ्या रक्ताचा सुमारें पांचवा हिस्सा येथें येतो. माणसाचीं मूत्रपिंडें दिवसाला १८० लिटर द्रव गाळतात व बहुतेक सर्व परत घेतात. रक्तांतील विष या सूक्ष्म नळ्यांत दाट होतें. उंदरांना अशीं औषधें थोडथोडीं दिलीं असतां या नळ्यांच्या पेशी बिघडलेल्या आढळल्या आहेत. हिचें मूत्रपिंड औषधानेंच गेलें, कीं जुलाबांनीं अंगांतलें पाणी आटल्यामुळें, हें मात्र नुसत्या डोळ्यांनीं सांगतां येत नाहीं."

त्या रात्रीं आम्हांस चांदीपेक्षां वडिलांची चिंता अधिक वाटली. वीस वर्षें ते उघड्या पाठीवर पंप घेत आले, आणि त्याच हातांनीं तंबाखू मळत आले! २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना अनेक शेतकरी व मजूर विषबाधेनें दगावले, तें सर्वांनीं वाचलें. मूत्रपिंड असा गाजावाजा करीत नाहीं; अर्ध्याहून अधिक निकामी होईपर्यंत तें बहुधा गप्पच असतें.

घमेलें आम्हीं ठेवलें होतें, हें आम्हीं वडिलांस रडत सांगितलें. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "घमेलें तूं ठेवलेंस, पण औषध मींच आणलें ना?"

पुढच्या आठवड्यांत आम्हीं हट्टानें त्यांना साताऱ्यास नेऊन रक्त तपासविलें. क्रिएटिनिन वाढलेलें नव्हतें. आतां ते फवारणीनंतर साबणानें हात धुतल्याशिवाय भाकरीस शिवत नाहींत. आम्हीं आणलेले हातमोजे मात्र अद्याप खुंटीलाच लटकत आहेत.