डस्टरनं न पुसलेलं

बेळगावातल्या एका पदवी महाविद्यालयात मी एकतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. माध्यम इंग्रजी, पण ते वेळापत्रकापुरतं. वर्गात तोंडं बघून बोलायचं. पुढच्या बाकावर आठी दिसली की मराठीत, खिडकीकडची पोरं गप्प झाली की कन्नडमध्ये. शेवटी 'तिळीतेन?' विचारायचं आणि डस्टर फिरवायचं. फळ्याबरोबर आपल्या चुकाही पुसल्या जातात, हे तेव्हा कुठं ध्यानात यायला!

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी आली आणि समोर तोंडंच उरली नाहीत. मुलाच्या मोबाईलपुढं बसून पहिलं रेकॉर्डिंग केलं. ते सगळं इंग्रजीत झालं, मुलाखतीला बसल्यासारखं. पुढं कॉलेज उघडलं तरी सवय राहिली. धडा आदल्या दिवशी मोबाईलवर पाठवायचा, वर्गात शंका घ्यायच्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या नियमांनी तर एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्'वरून करायची मुभा दिली. "उरलेले साठ तरी आपले राहोत," असं आमच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं. हसलं मात्र कुणी नाही.

कणकुंबीकडच्या एका मुलीच्या घराजवळ रेंज नव्हती. जांबोटीला बस थांबली की तेवढ्यात ती धडा उतरवून घ्यायची. व्हिडिओ काही तिथं उतरेना, म्हणून मी नुसता आवाज पाठवू लागलो. वर्गात ही मुलगी वर्षभर एक अक्षर बोलली नव्हती.

एके दिवशी तास संपल्यावर ती दारात थांबली.

"सर, रागावणार नाही काय?"

"विचार की."

"टोमॅटो महागला की डिमांड डिक्रीज होते, म्हणालात. मी तीनदा ऐकलं. आम्हाला बारावीला संकोच वेगळा आणि ऱ्हास वेगळा होता."

मी गप्प. तिचं बरोबर होतं. फक्त किंमत वाढून खरेदी कमी झाली तर तो मागणीचा संकोच. आपण त्याच वक्रावर वर सरकतो. किंमत तीच, पण उत्पन्न घटलं किंवा आवड बदलली, तर तो ऱ्हास. अख्खा वक्रच डावीकडं सरकतो. इंग्रजीत बोलताना मी 'कॉन्ट्रॅक्शन'च्या जागी सरळ 'डिक्रीज' म्हणून मोकळा झालो होतो. किती वर्षं म्हणत आलो असेन, देव जाणे. तासाला कुणी मला थांबवलं नसतं. तिनं मात्र रात्री अंथरुणात मला तीनदा मागं फिरवलं होतं.

खरं सांगतो, आधी रागच आला. घरी जाऊन ते रेकॉर्डिंग काढूनच टाकावं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात चूक सांगितली, दोन्ही वक्र काढले. "सर, हे कन्नडमध्ये?" खिडकीकडून प्रश्न आला. मी अडलो. मग त्या पोरांनीच आपसात वाद घालून शब्द ठरवले, आणि कणकुंबीची मुलगी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणाली, "म्हणजे आमचा संकोच!"

नवं रेकॉर्डिंग मी वर्गातच केलं, मोबाईल टेबलावर ठेवून. त्यात रस्त्यावरचे हॉर्न आहेत, खडूचा आवाज आहे, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी "आणि एकदा, सर" म्हणतं, तेही तसंच आहे.