कार्यक्रम छापला, कला राहिली

अकोला

चि. भाचीबाई,


दैनिकाच्या शहर पुरवणीतलं कलेचं पान तुझ्याकडे आलंय हे वाचून बरं वाटलं. त्यात काय काय असावं याची यादी तू मागितली आहेस. यादी तुला कोणीही करून देईल. मला त्या पानाबद्दल एकच गोष्ट म्हणायची आहे आणि ती मांडायला पत्र जरा लांबेल. अमरावती-अकोल्यात कार्यक्रमांची टंचाई नाही, कलावंतांची तर नाहीच. टंचाई आहे ती जे झालं त्याबद्दल चार जबाबदार ओळी लिहून ठेवणाऱ्यांची. आपल्याकडे कार्यक्रम छापून येतो आणि कला बाहेरच राहते.

कोणतीही बातमी काढून बघ. सभागृह अमरावतीचं संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवन असो की अकोल्याचं प्रमिलाताई ओक सभागृह, मजकूर तोच. दीपप्रज्वलन कोणाच्या हस्ते झालं, मंचावर कोण कोण होते, प्रास्ताविक, सूत्रसंचालन, आभार, आणि अखेरीस रसिक मंत्रमुग्ध. गाणारीनं कोणता राग घेतला, तबल्याला कोण होतं, नाटक दुसऱ्या अंकात कुठं ढिलं पडलं, यातलं काही नाही. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी संपली की निकाल छापतात: प्रथम, द्वितीय, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, अभिनयाची रौप्यपदकं. नोकरी-धंदा सांभाळून रात्री तालमी केलेल्या संघाच्या वाट्याला त्यात एखादं नाव येतं, आणि बक्षीस हुकलं तर तेही नाही. पन्नास वर्षांनी कोणी वऱ्हाडच्या हौशी रंगभूमीचा इतिहास लिहायला बसलं, तर त्याला पहिलं बक्षीस कोणाला मिळालं ते सापडेल. ते नाटक कसं होतं ते सापडणार नाही.

आपल्या भागात लेखणी आणि रंगभूमी यांची सोयरीक नव्हती असं मात्र नाही. 'स्वतंत्र हिंदुस्थान' हे साप्ताहिक चालवणारे अमरावतीचे वीर वामनराव जोशी हेच 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' आणि 'रणदुंदुभि'चे नाटककार. 'रणदुंदुभि' १९२७ साली बळवंत संगीत मंडळीनं रंगमंचावर आणलं आणि मास्टर दीनानाथांनी त्यातली पदं महाराष्ट्रभर पोचवली. विदर्भ साहित्य संघ १४ जानेवारी १९२३ रोजी अमरावतीत स्थापन झाला. त्याचं बिऱ्हाड नागपूरला गेलं ते नंतर. अकोल्यात १९१२ साली हरि नारायण आपट्यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरलं होतं. पण म्हणून जुन्या काळाला फार ओवाळायचं कारण नाही. त्या काळची वृत्तपत्रं मुख्यतः राजकारणाची होती, आणि त्यांच्या लेखी कला म्हणजे संगीत नाटक आणि छापील साहित्य. दंडार, पोळ्याच्या झडत्या, भुलाबाईची गाणी अशा लोककला त्यांच्या उंबऱ्याबाहेरच राहिल्या. आजच्या पानाला ही जुनी उणीवही भरून काढायची आहे.

लिहून ठेवल्यानं काय फरक पडतो, याचे पुरावे आपल्याच मातीत आहेत. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद भरली, अंबादेवी मंदिर प्रवेशाचा प्रश्न होता, अध्यक्ष डॉ. आंबेडकर. त्या परिषदेबद्दल आज बोलता येतं, कारण 'बहिष्कृत भारत'नं वृत्तांत छापला. त्याच थिएटरात त्या दशकात किती नाटकं झाली असतील. त्यांतल्या एका प्रयोगाबद्दल तरी आज तपशीलानं बोलता येईल का? दुसरा पुरावा जास्त बोचणारा आहे. गाडगेबाबा आपल्या शेंडगावचे. वऱ्हाडी बोलीत लोकांना प्रश्न विचारत, त्यांच्याच तोंडून उत्तर काढत, हसवत, मध्येच खडसावत त्यांनी कीर्तनाला जे रूप दिलं ते मराठीत दुसऱ्या कोणाचं नाही. पण त्यांचं जे शेवटचं कीर्तन ध्वनिमुद्रित होऊन आपल्यापर्यंत आलं, ते ८ नोव्हेंबर १९५६ चं, मुंबईत वांद्र्याला झालेलं. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत ते गेले. आयुष्यभर गावोगाव जी कीर्तनं झाली, त्यांतली एकेक कशी बांधली होती, कोणत्या गावात कोणता दाखला आला, श्रोत्यांनी कुठं उलट उत्तर दिलं, हे सगळं त्या रात्रींबरोबर संपलं. थोडंफार राहिलं ते प्रबोधनकार ठाकरे, गो. नी. दांडेकर यांच्यासारख्यांनी लिहिलं म्हणून. याच्या उलट मोझरीला बघ. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रम उभारला आणि सेवा मंडळाबरोबर छपाईचीही सोय पाहिली, मासिक काढलं, भजनांची पुस्तकं काढली. खंजिरी भजन आजही गावागावांत एका वळणानं म्हटलं जातं, त्यात भक्तीचा वाटा मोठा आहे हे खरं, पण त्या छापील कागदाचाही आहे.

आता आपला सगळ्यांत मोठा उत्सव घे, अकोल्याची कावड. १९४४ पासूनची ही परंपरा. श्रावणातल्या अखेरच्या सोमवारी गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरायचं आणि सुमारे १८ किलोमीटर चालत राजराजेश्वराला आणायचं. दरवर्षी बातमीत काय असतं? मार्ग, बंदोबस्त, वाहतुकीतला बदल, कोणत्या मंडळाची कावड किती भरण्यांची, म्हणजे पाण्याच्या कळशांची, आणि स्वागताच्या कमानीवर कोणाकोणाचे फोटो. हे सगळं छापलंच पाहिजे, लोकांना रस्ता कुठं बंद आहे ते कळायला हवं. पण शेकडो भरण्यांची कावड म्हणजे हस्तकौशल्याचा आणि तोलाचा मामला आहे. बांबूचा सांगाडा कोण बांधतो, भरणी कोणत्या क्रमानं लावतात, खांदेकरी कुठं बदलतात, चालण्याची लय ढोलावर ठरते की घोषावर, पालखीचा देखावा कोण रंगवतो, आणि डीजे आल्यावर या लयीचं काय झालं? या प्रश्नांची उत्तरं जुन्या मंडळांच्या वडीलधाऱ्यांकडे आहेत आणि ती कोणी विचारायला गेलं पाहिजे. भरण्यांचा आकडा दरवर्षी वाढत का जातो, याचंही एक कारण मला यातच दिसतं. पेपर फक्त आकडा छापत असेल तर मंडळं आकड्यातच चढाओढ करणार. देखण्या बांधणीबद्दल कोणी लिहिलंच नाही, तर तिच्यासाठी कोण खपेल?

यावर तू म्हणशील, मामा, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत कुठं आहे समीक्षा? तरी तिथली रंगभूमी दिवाळीपासून होळीपर्यंत गजबजलेली असते. हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो, म्हणून त्याच्याशी जरा थांबतो. वडसा-देसाईगंजला नाटक मंडळ्यांची दप्तरं आहेत, तिथून गावं नाटकं ठरवतात. गावचं मंडळ पैसे मोजतं, प्रेक्षक तिकीट काढून रात्रभर बसतो, आणि नाटक पडलं तर पुढच्या हंगामात त्या कंपनीला त्या गावात कोणी बोलावत नाही. म्हणजे निवाडा तिथंही होतो, फक्त तो तिकिटाच्या पैशातून होतो. आपल्या दोन शहरांत तसं नाही. इथले बहुतेक कार्यक्रम मोफत, किंवा पासवर, किंवा प्रायोजकाच्या, नेत्याच्या, शासनाच्या पैशावर. स्पर्धेला तिकीट आहे ते नाममात्र. प्रेक्षक नाराज झाला तर तो मुकाट्यानं उठून जातो, आणि पुढच्या वर्षी तोच आयोजक त्याच मंडळींना बोलावतो. तिकिटाचा निवाडा जिथं नाही तिथं लेखी निवाडा लागतो. दोन्ही नसतील तर चांगल्या-वाईटाचा फरक करणारं कोणी उरत नाही, आणि मग जो जास्त ओळखीचा तो जास्त मोठा कलावंत ठरतो. गंमत अशी की सिनेमाच्या धंद्यात हेच वऱ्हाड पक्कं हिशेबी निघालं. सी.पी. ॲण्ड बेरार हा प्रांत १९५० मध्ये नकाशावरून गेला, पण चित्रपट वितरणात तो इलाका त्याच नावानं चालू राहिला, आणि अमरावतीत वितरकांची दप्तरं होती. कोणत्या गावच्या टॉकीजमध्ये कोणता सिनेमा किती आठवडे चालला, हे त्यांच्या वह्यांत असे. बाहेरून आलेल्या कलेचा हिशेब ठेवणारं शहर स्वतःच्या कलेचा ठेवत नाही.

लहान शहरात सगळेच ओळखीचे, खरं लिहिलं तर उद्या बाजारात तोंड कसं दाखवायचं, हा दुसरा आक्षेप. तो खोटा नाही. पण परीक्षण म्हणजे पाडाव नव्हे. 'नायिकेचं काम कच्चं होतं' असं लिहिलं की भांडण होतं. 'तिसऱ्या प्रवेशात तिचे संवाद मागच्या रांगांपर्यंत पोचत नव्हते' असं लिहिलं की फार तर फोन येतो, आणि पुढच्या प्रयोगात आवाज वाढतो. नेमकेपणानं लिहिलेलं माणूस सहसा पचवतो. आता मोबाइलवर सगळं चित्रित होतंच, मग लिहायचं काऊन, असंही कोणी म्हणेल. तर त्या चित्रणांना ना तारीख असते, ना वादकांची नावं, ना कोणत्या घराण्याचं काय याचा पत्ता. आणि फोन बदलला की तीही जातात. जाहिरात विभाग कुरकुर करेल ते वेगळं. त्यांना सत्काराचं पान वेगळं देऊन टाक, त्या पानालाही वाचक आहेतच.

मला खरी काळजी आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. आपण आपलं मोल ठरवलं नाही तर ते बाहेर ठरतं, आणि बाहेर वऱ्हाडीचा एकच उपयोग ठरून गेलाय, हसवायचा. भारत गणेशपुरेंनी 'चला हवा येऊ द्या'मधून ही बोली घराघरांत नेली, डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांच्या 'मिर्झा एक्स्प्रेस'नं तिला मोठमोठे श्रोतृवर्ग मिळवून दिले. दोघांचंही काम अस्सल आहे, त्याला उणं म्हणायचा माझा हेतू नाही. पण याच बोलीत उद्धव शेळक्यांनी १९६० मध्ये 'धग' ही कादंबरी लिहिली, आणि नायिका कौतिकच्या संसाराची राख तिच्यात मावली. याच अमरावतीत सुरेश भट जन्मले आणि मराठी गझल उभी राहिली; भीमराव पांचाळे जिल्ह्यातल्या आष्टगावचे. अमरावती-अचलपूर-बाळापूरच्या उर्दू वातावरणाचा या गझलेशी काय संबंध, हे मुंबई-पुण्याचा समीक्षक कशाला तपासेल? ते इथं राहणाऱ्यानंच, इथले मुशायरे ऐकत, उर्दू वाचणाऱ्या शेजाऱ्याला विचारत लिहायला हवं. तुझ्या पानाला मराठीबरोबर या मुशायऱ्यांतही माणूस पाठवता आला तर अर्धं काम तिथंच होईल.

सुरुवात लहान कर. आठवड्याला एकच परीक्षण, तीनशे-साडेतीनशे शब्दांचं, लिहिणाऱ्याच्या नावानिशी. त्याच्याखाली बारीक अक्षरात तारीख, जागा, सगळ्या साथीदारांची आणि पडद्यामागच्यांची नावं. मंचावरच्या पाहुण्यांचा फोटो त्या चौकटीत नको. भाद्रपदी पौर्णिमेपासून भुलाबाई बसेल, तेव्हा एखादीला वही घेऊन जुन्या वस्तीत पाठव आणि कोणतं गाणं कोणत्या घरी कोणत्या चालीवर म्हणतात तेवढं नोंदवून आणायला सांग. नाट्य स्पर्धा सुरू झाली की रोज एका नाटकाबद्दल लिहायला दोघं जण आधीच ठरवून ठेव, आणि त्यांची तिकिटं दैनिकानंच काढावीत. आयोजकांचा पास घेतला की लेखणी बांधली जाते. संपादक इतक्याशा पैशाला नाही म्हणणार नाहीत. म्हणालेच तर मला कळव, पहिल्या फेरीचा खर्च मी करीन.

ताईला नमस्कार सांग. पान निघालं की अंक टपालानं पाठव, मोबाइलवरचा फोटो नको.

तुझा,
मामा