लोधीखेड्याचा समुद्र

मुंबई घ्या की विशाखापट्टण, लोधीखेड्याहून समुद्र म्हणजे रात्रभराची गाडी. त्यामुळे पौषातल्या रविवारी आमच्याकडे माणसं घोळक्यानं निघतात ती जाम नदीवर. म्हातारे, लेकरं, नागपूरहून आलेले जावई, आणि डोक्यावर वांगी-कणकेचं ओझं घेतलेल्या बाया.

वाट पांदणीची. दोन्ही अंगांना संत्र्याचे बगीचे; अंब्या बहाराची फळं केशरी होऊन फांद्या बांबूच्या टेकूवर रेललेल्या. बगीचा व्यापाऱ्यानं उक्ता घेतलेला असतो, म्हणून राखणदाराची नजर लेकरांच्या हातांवर. मात्र खाली पडलेली दोन फळं उचलून तोच त्यांच्या ओंजळीत टाकतो. पुढे काळी वावरं, तुरीच्या ओळी आणि फुटलेली पऱ्हाटी. ओटी बांधून कापूस वेचणारी एक बाई कंबर सरळ करत विचारते, "कुठी चालली वो वरात?"

"समुद्रावर!" जावईबापू.

सगळे हसले. खरं तर बापू फारसे चुकले नव्हते. जामचं पाणी कन्हानला मिळतं, कन्हान वैनगंगेला. वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते आणि गोदावरीचा हात धरून बंगालच्या उपसागरात उतरते. पाय न झिजवता समुद्र गाठणारं आमच्या गावचं एवढंच.

उलट दिशेची गोष्ट मला जास्त भुरळ घालते. छिंदवाड्याजवळ मोहगाव कलां आहे (सौंसरजवळचं, अर्धनारीश्वराचं मोहगाव वेगळं). तिथल्या लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळातून निपा नावाच्या ताडाचं दगड झालेलं फळ निघालं; के. पी. रोडे यांनी १९३३ साली त्याची नोंद केली. निपा आज सुंदरबनात वाढतो, भरती-ओहोटीच्या चिखलात. पुढे छिंदवाडा जिल्ह्यातच झिलमिलीला समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्मजीवांची कवचं सापडली. म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, लाव्हा थांबून थांबून वाहत होता तेव्हा, खारं पाणी इथवर आलं असावं. ते नर्मदेच्या बाजूनं शिरलं की गोदावरीच्या, यावर अभ्यासक अजून भांडतात. माझा कौल गोदावरीला. पुरावा म्हणून नव्हे, गावकीच्या हट्टानं: आज पाणी ज्या वाटेनं जातं, त्याच वाटेनं तेव्हा समुद्र पाहुणा आला असेल, तर हिशेब सरळ बसतो.

हे सगळं मी काठावर, गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजताना सांगत होतो. ऐकणारं एकच पोरगं. तेही शिंपले हुडकायला पळालं. पंगत बसली. वांग्याची भाजी तोंडात घालताच म्हातारे मामाजी थबकले.

"मीठ लय झालं वो, मोठी आई!"

मोठीनं रोडगा फोडून त्यावर तूप ओतलं. "समुद्रावर आले न तुम्ही? खा मंग गुमान."