निनावी पत्रे: जुनी आणि नवी

जमलेले लग्न निनावी पत्राने मोडण्याची विद्या आपल्याकडे बरीच जुनी आहे. आंबेगाव तालुक्यातील आमच्या अवसरी बुद्रुकलाही ती अवगत होती. मुलाकडे एक पाकीट यावे, अक्षर मुद्दाम वाकडे काढलेले असावे, आणि सुपारी फुटलेली असताना एकाएकी नकाराचा निरोप यावा! हा प्रकार इंग्रज सरकारास ठाऊक नव्हता असे नाही. १८६० सालच्या दंडविधानाच्या ५०७ व्या कलमात नाव लपवून धमकी देणारास वेगळी शिक्षा होती, आणि ५०९ व्या कलमात स्त्रीच्या विनयाचा अवमान करणाऱ्या शब्दांस. तरी फिर्याद सहसा कोणी करीत नसे. बाप पत्र वाचून चुलीत घाली आणि प्रकरण संपले असे मानी.

आता पाकिटाची जागा मोबाइलने घेतली आहे. खोट्या नावाचे खाते उघडावे, मुलीचे छायाचित्र लावावे आणि नको ते लिहावे, एवढ्यावर काम भागते; पोस्टाचे तिकीटही लागत नाही. कायदे मात्र मुळीच अपुरे नाहीत. २००० साली माहिती तंत्रज्ञान कायदा झाला. २००८ च्या दुरुस्तीने संगणकाच्या आधारे दुसऱ्याचे सोंग घेऊन फसविणारास व संमतीवाचून खासगी अंगाचे चित्र पसरविणारास तीन वर्षांपर्यंत कैद ठरली. इंटरनेटवरून स्त्रीचा माग काढणे हा गुन्हा २०१३ मध्ये दंडविधानात आला, आणि १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात आहे. या माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील तपास पूर्वी पोलीस उपअधीक्षकाखालच्या अधिकाऱ्यास करता येत नसे. दुरुस्तीनंतर तो निरीक्षकास करता येतो. खेड्यातील मुलीच्या दृष्टीने ही सुधारणा लहान नव्हे.

परंतु कायद्याचे शस्त्र कोणाच्या हाती पडेल याचा नेम नसतो. याच दुरुस्तीत ६६अ हे कलम होते; त्रासदायक संदेश धाडणारास त्याचा धाक बसावा ही अपेक्षा. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींस त्याच कलमाखाली अटक झाली. मुंबईतील बंदविषयी एकीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या होत्या. दुसरीने केवळ त्या आवडल्याची खूण केली होती! २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द केले. आमच्या मते ते योग्यच झाले. त्याच वर्षी मुंबईत एका स्त्रीस अश्लील ई-पत्रे पाठविणारास शिक्षा झाली. ती पत्रे २००९ सालची होती. सहा वर्षे!

तथापि आम्हांस न्यायालयाच्या विलंबाहून घरातील चुलीची भीती अधिक वाटते. आमच्या परिचयाच्या एका घरी मुलीच्या नावाने असेच खाते निघाले. लग्नसमारंभातील तिचे छायाचित्र कोणी तरी उचलले होते. बापाने तिचा फोन काढून घेतला, आलेले सारे संदेश पुसून टाकले आणि तिचे कॉलेज बंद केले.

“तात्या, मी काय केलं?” मुलीने विचारले.

“तू काही केलं नाहीस गं, पण लोक काय म्हणतील?”

तात्यांनी जुन्या वळणाने पत्र चुलीत घातले होते. ते नवे पत्र मात्र शंभर घरांत तसेच राहिले. जळाली ती केवळ त्यांच्या हातची प्रत, म्हणजे पुरावा. फिर्याद द्यावयाची तर संदेश, तारीख आणि खात्याचा पत्ता जसाच्या तसा जपावा लागतो, हे त्यांस कोणी सांगितलेच नव्हते. सुदैवाने मुलीच्या मैत्रिणीने त्या खात्याच्या पानाचे चित्र आपल्या फोनमध्ये ठेवले होते. ते घेऊन मुलगी आणि तिची आई मंचरला पोलीस ठाण्यात गेल्या. तात्या त्या दिवशी बराखीत कांदा भरीत होते.