उष्टा पेरू

'अगं, आमच्या सोसायटीतला पिंपळ तोडायचं म्हणताहेत!'

बंगळुरूच्या व्हाइटफील्डमधून ताईचा फोन. जून २०२१. कारण होतं पिंपळावरची वाघळं. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांमध्ये निपाह सापडल्याची बातमी तेव्हा सगळीकडे झळकली होती आणि करोनाने आधीच हबकलेली माणसं झाडाखालून जायलाही भीत होती. खरं सांगते, मीही धसकले. आजोळी परसात पडलेले, वाघळांनी उष्टावलेले पेरू आम्ही दोघींनी 'हाच जास्त गोड' म्हणून वेचून खाल्लेत!

बातम्यांच्याच धंद्यात असल्याने मूळ अहवाल मिळवला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या लोकांनी मार्च २०२० मध्ये त्या गुहेतली ८० वटवाघळं तपासली होती. ६५ फळं खाणारी, १५ किडे खाणारी, अगदी चिमुकली. घशातून नमुना घ्यायचा, थोडं रक्त काढायचं. तेही अंगभर संरक्षक पोशाख चढवून. फळं खाणाऱ्यांपैकी ३३ आणि किडे खाणाऱ्यांपैकी एकाच्या रक्तात निपाहची प्रतिद्रव्यं निघाली. प्रतिद्रव्यं म्हणजे पाहुणा कधीतरी येऊन गेल्याची खूण. गोवर होऊन गेलेल्या मुलाच्या रक्तातही गोवराची असतातच. विषाणूचे प्रत्यक्ष अंश मात्र मोजक्याच वटवाघळांत मिळाले.

मग ही उठाठेव कशासाठी? २०१८ च्या मे महिन्यात केरळात कोझिकोडकडे निपाहने १७ बळी घेतले. आजार माणसांत शिरल्यावर धावाधाव करण्यापेक्षा तो कुठल्या गुहेत, कुठल्या झाडावर वस्तीला आहे हे आधी कळलेलं बरं. म्हणजे डॉक्टरांना वेळीच शंका तरी येते.

ताईला म्हटलं, 'झाड तोडलंत तर वाघळं मरणार नाहीत, शेजारच्या आवारात जातील. शिवाय बिथरलेली वाघळं विषाणू जास्त बाहेर टाकत असावीत, असं शास्त्रज्ञांना वाटतं.'

तिने ते बैठकीत सांगितलं. 'पण उद्या काही झालं तर जबाबदार कोण?' सेक्रेटरींनी विचारलं. त्यांचं तरी काय चुकलं? दोन तास वाद झाला. अखेर पिंपळ वाचला. खालची घसरगुंडी हलवली आणि उष्टी फळं हातमोजे घालून उचलायचं काम माळीबुवांकडे आलं.

आईला सगळं सांगितलं तर ती हसली. 'मग तुम्ही दोघी कशा वाढलात गं?'

त्या दिवाळीत मात्र परसातला एकही पडका पेरू तिने नातवंडांच्या हाती लागू दिला नाही.